पुट अप आणि कोरं अर्धं पान

फाईल तिसऱ्यांदा परत आली तेव्हा लिंबाजी चपराशाने ती टेबलावर टाकली नाही. दोन्ही हातांनी पेशकारसाहेबांपुढे धरली आणि हळूच म्हणाला, "सायेब लय तापायलेत. आज तर चष्मा काढून बोलले."

फाईलवर जाड निळ्या पेन्सिलीने दोन इंग्रजी शब्द होते. पुट अप. पहिल्या खेपेला 'प्लीज पुट अप' असं होतं. दुसऱ्या खेपेला 'प्लीज' गळालं. या खेपेला शब्दांखाली दोन रेघा होत्या, आणि दुसरी रेघ ओढताना टोक मोडून कागदाला भोक पडलं होतं.

पेशकार फैयाजसाहेबांनी त्या भोकावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शिंदे, तुमी बीए झालेत. मला एक सांगा. हा माणूस रोज म्हणायलाय, फाईल पुढं ठेव. मी रोज ठेवायलोय. आता अजून कुठं ठेवू?"

"कपाटावर ठिवा," लिंबाजी म्हणाला. "अप म्हंजी वरच की."

कुणी हसलं नाही. लिंबाजीही नाही.

हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन दोनेक वर्षं झाली होती. परभणीतल्या एका सरकारी कचेरीत मी नवा कारकून होतो, तोही तात्पुरता. माझं गाव बोरी. आमच्या घराण्यात शाळेचं तोंड पाहिलेला पहिला मीच, आणि पदवी घेतलेलाही पहिला मीच. इंग्रजी मी पुस्तकांतून शिकलो होतो. पुस्तकातले मोठमोठे शब्द मला येत, पण कचेरीतले छोटे शब्द येत नसत.

पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद पेश करणारा. जुन्या अमदानीत हे मानाचं काम होतं. हाकिम, म्हणजे अधिकारी, खुर्चीत बसे. पेशकार बाजूला उभा राहून मिसल वाचून दाखवी. मिसल म्हणजे आपली आजची फाईल. हाकिम ऐकून हुकूम सांगे आणि पेशकार तो लिहून घेई. सगळं उर्दूत. फैयाजसाहेबांनी सत्तावीस वर्षं हेच काम केलं होतं. त्यांचा आवाज इतका स्वच्छ होता, की ते वाचायला लागले की व्हरांड्यातले पक्षकारही बोलायचे थांबत, असं लिंबाजी सांगे.

मग अंमल बदलला. कचेरीची भाषा इंग्रजी झाली. नवे साहेब मद्रासकडून आले. वयाने पस्तिशीचे, स्वभावाने सरळ, कामाला वाघ. त्यांना मराठी येत नव्हती आणि उर्दूही येत नव्हती. आल्याआल्या त्यांनी तोंडी हुकूम दिला, उर्दूतला एकही कागद माझ्या टेबलावर नको. आणि ते फाईल स्वतः वाचत. मनातल्या मनात वाचत. वाचून दाखवणाऱ्या माणसाचं काम तिथंच संपलं.

ही फाईल जिंतूर भागातल्या एका गावाची होती. गावाला शाळा बांधायची होती. सरकारी पडीक जमिनीचा एक तुकडा मागितला होता. गावकऱ्यांचा अर्ज, पटवाऱ्याचा अहवाल, गिरदावराचा शेरा, म्हणजे पटवाऱ्याच्या वरच्या अंमलदाराचा. सगळं इंग्रजी तर्जुम्यासह जिथल्या तिथं होतं. फैयाजसाहेब ते नीट लावून आत पाठवत आणि फाईल परत येई.

त्याच दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. ते इंग्रजीत बोलत. मी इथं मराठीत देतो.

"तुला इथं किती दिवस झाले?"

"चार महिने, सर."

"त्या पेशकाराचं काम शिकलास?"

"शिकतोय, सर."

"पहिल्या तारखेपासून त्याच्या खुर्चीवर तू बस. तुझी जागाही मग कायम होईल. नव्या पद्धतीने ज्यांना काम जमत नाही त्यांची यादी वरून मागितली आहे. त्यात त्याचं नाव जाईल. मुदतीआधी घरी जाईल, पेन्शन मिळेल तेवढी मिळेल. माणूस वाईट नाही. पण मी तीनदा पुट अप लिहायचं आणि त्याने तीनदा तोच गठ्ठा आणून ठेवायचा, असं किती दिवस चालणार?"

"येस सर," मी म्हणालो.

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. वडिलांना लिहायच्या पत्राचा मजकूरही मनात तयार झाला. वडिलांना वाचता येत नव्हतं. गावातले मास्तर चावडीवर पत्र वाचून दाखवत, आणि 'कायम' हा शब्द वडील दोनदा वाचायला लावणार, हे मला इथं बसून दिसत होतं.

बाहेर आलो तर फैयाजसाहेब माझ्या टेबलाशी उभे. मी सकाळी लावलेल्या फाईलचा दोरा सोडून ते पुन्हा ओवत होते. "शिंदे, गाठ अशी घाला, कागद काढायचा झाला तर ओढताच सुटली पाहिजे. आन् खेचली तर घट्ट व्हायला पाहिजे."

त्या माणसाने मला काय काय शिकवलं, ते सांगायला हवं. कागदाला तारीख कुठं घालायची. आलेला कागद आवकवहीत कसा चढवायचा. अर्जदार रागावून बोलायला लागला की आधी त्याला पाणी द्यायचं आणि मग नाव विचारायचं. कोणता कागद खोटा आहे हे घडीवरून कसं ओळखायचं. त्यांच्या घरून डबा येई. अंबाडीची भाजी असली की ते झाकणावर अर्धी काढून माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "बोरीसारखी नसेल, पण खाऊन बघा." कचेरीत शिकवणारी माणसं एखादी किल्ली आपल्या खिशात ठेवतात. यांनी एकही ठेवली नाही. आणि मला कशासाठी नेमलंय, हे त्यांना मी येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून त्या दुपारी ठरवलं की पुट अपचं काय ते नीट समजून घ्यायचं. मला तरी कुठं येत होतं? पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. दोन्ही शब्द मला पाचवीत येत होते. हायस्कूलमध्ये जाऊन मोठा शब्दकोश उघडला. पुट अप म्हणजे इमारत उभी करणे. पुट अप म्हणजे भिंतीवर नोटीस लावणे. पुट अप म्हणजे परगावी कुणाकडे उतरणे. आणि पुढे विथ जोडलं की सहन करणे. चार अर्थ वहीत उतरवून घेतले. कचेरीतला त्यांत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी धीर करून साहेबांनाच विचारलं. ते आधी चमकले. मग हसले. म्हणाले, "बीएला हे शिकवत नाहीत का? फाईल पुट अप करायची म्हणजे तीन गोष्टी. या विषयावरचे आधीचे सगळे कागद जोडायचे. नियम काय आहे ते दाखवायचं. आणि काय करावं असं तुला वाटतं, ते लिहायचं. मग मी सही करतो, किंवा करत नाही."

मी धावत येऊन फैयाजसाहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आधीचे कागद?"

"जोडायचे."

"ते उर्दूत हायत. त्यांना नको हायत. बरं, नियम?"

"दाखवायचा."

"तो दाखवलाय. तिसरं काय म्हणालात?"

"आपलं मत लिहायचं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहलकाराने? हाकिमाच्या आधी?" अहलकार म्हणजे कारकून. "शिंदे, बेअदबी आहे ही. मी काय हाकिमाला शिकवू, की हुजूर, असं करा? माझ्या उस्तादने मला पहिल्या दिवशी कागद दुमडायला शिकवला. बघा."

त्यांनी एक कोरा कागद घेतला, मधोमध उभा दुमडला आणि उलगडून माझ्यापुढे ठेवला. मध्ये सरळ रेघ उमटली होती. "मजकूर फक्त या अंगाला. हे दुसरं अंग हाकिमाचं. त्याच्यावर आपण शाईचा ठिपका पाडायचा न्हाई. सत्तावीस वर्षांत माझ्याकडून पडला न्हाई."

आता मला फाईल परत का येते ते कळलं. प्रत्येक कागदावर अर्धं पान कोरं होतं. फैयाजसाहेबांना ते कोरं पान म्हणजे अदब वाटे. साहेबांना तो आळस दिसे. साहेब त्या जागी माणसाचं मत शोधत, आणि फैयाजसाहेब ती जागा साहेबांच्या हुकमासाठी जपत. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा आपला अपमान करतोय.

इथं मी एक चूक केली. हेतू चांगला होता, पण चूक ती चूक.

मला वाटलं, मत लिहायला यांचा हात धजत नाही, तर आपण लिहू. नाव त्यांचंच राहील. फाईल मार्गी लागेल, साहेब शांत होतील, यादीतून नाव जाईल. शनिवारी फैयाजसाहेब नमाजाला गेले होते तेव्हा मी शाळेची फाईल उघडली आणि इंग्रजीत नोट लिहिली. जमीन सरकारी आहे. पडीक आहे. कुणाची हरकत नाही. गावापासून जवळ आहे. सबब शाळेसाठी ही जागा मंजूर करावी, असे वाटते. माझ्या आयुष्यातली ती पहिली नोट. मी ती तीनदा वाचली. शेवटच्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला.

अर्ध्या तासात साहेबांनी बोलावलं.

"ही नोट कुणाची?"

"पेशकारसाहेबांची, सर."

"अक्षर तुझं आहे."

"त्यांनी सांगितली, मी लिहिली, सर."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझे कान गरम झालेले कळले. "मिस्टर शिंदे, चार महिन्यांत तुला हे जमतं आणि त्याला जमत नाही, हेच तर मी म्हणतोय. नोट चांगली आहे. सोमवारी मी सही करतो. आणि यादीही सोमवारीच पाठवू."

म्हणजे मी वाचवायला गेलो आणि मीच ढकललं.

फैयाजसाहेब आले. मी सगळं सांगून टाकलं. यादीचंही. त्यांनी यादीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते वेगळंच.

"नोटमध्ये काय लिहिलंत?"

"जागा मंजूर करावी."

ते मटकन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "त्या जागेवर चावडी होती."

"कोणत्या?"

"शाळा मागायलेत त्याच. मी नवा अहलकार होतो, तुमच्याएवढा. गिरदावरासोबत जागा बघायला गेलो होतो. तिथं एका मेंढक्याने मला ओढ्याचं वळण दाखवलं. म्हणाला, मुन्शीजी, दर साली न्हाई येत, पर ज्या साली येतं त्या साली पानी हितून जातं. मी ऐकलं. ध्यानात ठेवलं. मिसल पेश केली, वाचून दाखवली. हाकिमाने चावडी मंजूर केली."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"मला विचारलं न्हाई कुणी. चावडी बांधल्यावर चौथ्या पावसाळ्यात गेली. आत राखणीला कोतवाल होता. तोही गेला. पंचनामा माझ्याच हाताने लिहिलाय."

लिंबाजी दारात उभा होता. तो हळूच खाली बसला.

"मग गावातल्या लोकांना माहीत असेल," मी म्हणालो.

"म्हाताऱ्यांना असेल. अर्जावर म्हाताऱ्यांचे अंगठे हायत का बघा. आन् दुसरी मोकळी जागा हाय ती पाटलाच्या खळ्याला लागून. ती कोण सुचवणार?"

"तुम्ही हे तीन आठवडे मनात ठेवून होता?"

"रोज वाटायचं, आज विचारतील. रोज ते लिहायचे पुट अप." मग ते माझ्याकडे वळले. "तुमी काल काय म्हणालात? मत लिहायचं म्हणजे पुट अप?"

"हो."

"म्हणजे ते विचारायलेतच की. तीन आठवडे विचारायलेत. मलाच ऐकू येईना."

आम्ही रेकॉर्डरूममध्ये गेलो. जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव मुहाफिजखाना. कपड्यात बांधलेल्या बस्त्यांचे ढीग, वाळवीचा वास, आणि प्रत्येक बस्त्यावर उर्दूत चिठ्ठी. मला ती लिपी वाचता येत नव्हती, त्या चिठ्ठ्या भिंतीसारख्या वाटत. अंमल बदलल्यापासून तिथं कुणी फिरकलं नव्हतं. फैयाजसाहेबांनी तिसऱ्या रांगेतला खालून दुसरा बस्ता ओढला. धूळ झटकली. गाठ सोडली. ओढताच सुटली.

मिसल मिळाली. पंचनामा मिळाला. त्याला एक हातनकाशा जोडला होता. ओढा, वळण, चावडी, आणि पाणी कुठवर आलं त्याची तुटक रेघ. पंचनाम्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. पान उभं दुमडलेलं. एका अंगाला मजकूर, दुसरं अंग कोरं. त्या कोऱ्या अंगावर तेव्हाच्या हाकिमाने दोनच शब्द लिहिले होते. फैयाजसाहेबांनी वाचून दाखवले: "दाखिल दफ्तर." म्हणजे फाईल बंद करून ठेवा.

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही उर्दूत लिहा. तुम्हाला वाटतं ते. मला वाचून दाखवा, मी खाली इंग्रजी करतो. या वेळी माझ्या मनाचं एक अक्षर घालणार नाही."

त्यांनी कागद घेतला. सवयीने उभा दुमडला. उजव्या अंगाला हकिकत लिहिली. ओळ संपली तिथं थांबले. टाक रेघेवर धरून बसले. लिंबाजी म्हणाला, "लिवा की. ह्यो कागद काय फाडून खातोय व्हय तुमाला?"

"चूप रे," ते म्हणाले. आणि टाक रेघेच्या पलीकडे नेला. माझी राय अशी आहे, म्हणून सुरुवात केली. चार ओळी झाल्या. खाली सही केली. सही करताना शाईचा एक ठिपका पडलाच. त्यांनी तो टिपकागदाने टिपला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

सोमवारी सकाळी साहेब बसायच्या आत मी त्यांच्या दारात उभा होतो.

"सर, शनिवारची नोट चुकीची आहे. ती माझी होती. पेशकारसाहेबांनी सांगितली नव्हती. मी खोटं बोललो."

"आणि हे काय?"

"ही त्यांची नोट, सर. उर्दू कागद आणलेत. माफ करा. खाली इंग्रजी आहे."

साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग नकाशा खिडकीशी धरून बघितला. "त्याला बोलाव."

फैयाजसाहेब आत आले. सलाम केला. मी दुभाष्या.

"हे तुम्ही स्वतः पाहिलं?"

"जी हुजूर. पाणी उतरल्यावर गेलो होतो. भिंतीवर खूण होती. इथवर." त्यांनी आपल्या छातीवर आडवा हात धरला.

"मग पहिल्या वेळी का नाही लिहिलं?"

"हुजूरने पूछा नहीं था."

"मी तीन वेळा पुट अप लिहिलं!"

फैयाजसाहेबांनी मान खाली घातली. मग मीच धीर करून कोऱ्या अर्ध्या पानाचं सांगितलं. ते कुणाचं, का सोडतात, सत्तावीस वर्षं ठिपका कसा पडला नाही. साहेबांनी टेबलावरच्या इतर फाईली उघडून बघितल्या. प्रत्येकीत अर्धं पान कोरं. एक, दोन, पाच. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "माझ्या हुकमाला जागा कमी पडली, तर मी माझा कागद घेईन."

मी सांगितलं. फैयाजसाहेबांनी पुन्हा सलाम केला. डोळ्यांना रुमाल लावला. "धूळ लय होती बस्त्यात," मला म्हणाले.

साहेब कागदावर विसंबणारे नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही तिघे जागेवर गेलो. जिंतूरपर्यंत जीप, पुढे बैलगाडी. वाटेत साहेबांनी विचारलं, उशीर झाला तर चारठाण्याला पुट अप करायची काही सोय आहे का? म्हणजे उतरायची. मला मनातून फार बरं वाटलं. शब्दकोशातला अर्थ पहिल्यांदाच कानावर पडला होता.

जागा दिसायला सुरेख होती. सपाट, मोकळी, गावाला लागून. ओढ्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. बरोबर आलेले पाटील म्हणाले, "बघा सायेब, किती ऐसपैस हाय." फैयाजसाहेब ओढ्याकाठच्या बाभळींकडे गेले आणि छत्रीच्या टोकाने गवत बाजूला करायला लागले. खाली घडीव दगडांची रांग निघाली. एका म्हाताऱ्या बाईने शेण गोळा करता करता वर बघितलं.

"चावडीचं जोतं हाय त्ये," ती म्हणाली. "आता कोन बांधायलंय हितं?"

"शाळा," मी म्हणालो.

"आन् लेकरं पोहायला शिकलीत का?"

पाटील दुसरीकडे बघायला लागले. साहेबांना मी बाईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. ते हसले नाहीत. "इथं शाळा पुट अप करता येणार नाही," एवढंच म्हणाले. हाही शब्दकोशातलाच अर्थ. मग खळ्याजवळची दुसरी जागा बघितली. पाटलांनी दोन अडचणी सांगितल्या. फैयाजसाहेबांनी त्या दोन्ही अडचणींना उत्तर दिलं, न विचारता. साहेबांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. बहुधा तेव्हाच त्यांचं ठरलं.

यादी मलाच टाइप करायला दिली. कच्च्या यादीत फैयाजसाहेबांचं नाव तिसरं होतं. निळ्या पेन्सिलीने ते खोडलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं: जुनं दफ्तर वाचणारा हा एकच माणूस आहे, त्याला ठेवावं. मी ती ओळ टाइप करताना एक चूक केली आणि पूर्ण पान पुन्हा केलं. आनंदाने केलं.

त्यांची खुर्ची मला मिळाली नाही. शेजारी एक स्टूल मिळालं. जुन्या मिसलांचं काम आलं की ते उर्दूत मत लिहून वाचून दाखवत, मी खाली इंग्रजी करी. कायम व्हायला मला आणखी दीड वर्ष लागलं. ते वडिलांना कळवायला उशीर झाला, पण स्टुलावरच्या त्या दीड वर्षात मी जे शिकलो ते मला पुढे अधिकारी होईपर्यंत पुरलं. एकदा मत लिहायला लागल्यावर फैयाजसाहेबांचा हात इतका सुटला, की ते दोन-दोन पानं भरत. एका फाईलवर साहेबांनी निळ्या पेन्सिलीने लिहिलं, 'पुट अप, थोडक्यात.' ते वाचून फैयाजसाहेब दिवसभर खूश होते.

मुदत पूर्ण करून ते मानाने निवृत्त झाले. निरोपाला कचेरीत पेढे वाटले. मी त्यांना म्हणालो, "साहेब, माझी पहिली नोट तुम्ही कधी बोलून दाखवली नाही."

"तुमीच जाऊन सांगितली की," ते म्हणाले. "मला सत्तावीस वर्षं लागली. तुमाला एक रविवार लागला."

शाळा खळ्याजवळ उभी राहिली. नंतरच्या एका पावसाळ्यात ओढा वळणावरून गेला, जोत्याचे दगड पुन्हा दिसायला लागले, असं जिंतूरला बदलीवर असताना ऐकलं. सुटीचा दिवस नव्हता. शाळा भरली होती.

पुढे मी स्वतः निळी पेन्सिल वापरायला लागलो आणि शेकडो फाईलींवर पुट अप लिहिलं. नवा कारकून आला की त्याला पहिल्या दिवशी समोर बसवून एकच सूचना देत असे. कोरं पान वर पाठवू नका. तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. साहेबाला जागा कमी पडली, तर तो आपला कागद आणील.